छतातली सहा पोती

आमच्या संग्रहालयात रेल्वेची अकरा वाहनं उभी आहेत. चार प्रवासी डबे, सहा मालडबे आणि गार्डचा एक डबा. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन कुठंय?" इंजिन नाही. इंजिनं मोठ्या शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांनी नेली. आमच्या वाट्याला आलं ते इंजिनामागून ओढलं जायचं ते. पण माणसं त्यातच बसत होती, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते.

जागा लासूर स्टेशनच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. मालक म्हणजे दादा. मोठी शेती, आणि रेल्वेचं वेड त्याहून मोठं. छोट्या लाईनची मोठी लाईन झाली तेव्हा लिलावात निघालेले डबे कुणी कडबा ठेवायला घेतले, कुणी त्यात कोंबड्या पाळल्या. दादा गावोगाव फिरून ते एकेक परत विकत घेत सुटले. मी नोकरीला आले तेव्हा आवारात अकरा वाहनं होती आणि कागद एकही नव्हता.

त्याआधी अठरा वर्षं मी चितेगावच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. नटबोल्टपासून बॉयलरच्या सामानापर्यंत प्रत्येक वस्तूला कप्पा, प्रत्येक कप्प्याला कार्ड. कारखाना बंद झाला आणि दादांनी बोलावलं. म्हणाले, "ताई, मला याद्या करणारं माणूस पाहिजे." मी म्हटलं, मला दुसरं काही येतच नाही.

लोकांना वाटतं, जुना डबा जपायचा म्हणजे घासायचा आणि रंगवायचा. खरं काम उलट आहे. डबा उघडायचा, आणि उघडताना जे निघेल त्याला चिठ्ठी बांधायची. काय निघालं, कुठून निघालं, कुणी काढलं, कुठं ठेवलं. खिडकीची झडप धरणाऱ्या पितळी कड्या सगळ्या सारख्या दिसतात, पण प्रत्येक कडी आपापल्या खिडकीत घासून वेगळी झालेली असते. दुसऱ्या खिडकीत ती बसत नाही. डब्यावर बाहेरून रंगवलेल्या नंबरावर विश्वास ठेवायचा नाही, तो कितीदाही बदलतो. खालच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला आकडा खरा. तो वाचायला मी पाठीवर झोपून डब्याखाली सरकते. बावन्नाव्या वर्षीही सरकते, हे लिहून ठेवते.

गमतीही होतात. एका मालडब्याची फरशी आम्ही नीट धुतली, तर आठवड्याभरात फळ्यांच्या फटींतून ज्वारीचे कोंब वर आले. रफिकभाई, आमचे सुतार, मला बाजी म्हणजे ताई म्हणतात. डोक्याला हात लावून म्हणाले, "बाजी, डब्बा तो जिंदा है." एक निवृत्त मास्तर दर महिन्याला ठरल्या वेळी तिकीट काढून येतात, तिसऱ्या वर्गाच्या बाकड्यावर बसून डबा उघडतात, जेवतात आणि जातात. मनमाडच्या गाडीत त्यांची जेवायची वेळ तीच होती म्हणे.

या लेखासाठी संपादकांनी अशाच गमती मागितल्या होत्या. त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला दुसरंच आठवतं. चार नंबरच्या डब्याचं छत.

चार नंबर हा पोलादी अंगाचा डबा, बाकीच्यांपेक्षा नवा. संग्रहालयाच्या उद्घाटनासाठी दादांनी तोच निवडला होता, कारण आतली बाकडी, दिवे, पंखे सगळं जागेवर होतं. फक्त छताच्या फळ्या फुगल्या होत्या. रफिकभाईंनी एक फळी काढली आणि त्यांच्या डोक्यावर राखाडी-निळसर, मऊ, कापसासारखं काहीतरी घसरून पडलं. वरचा पत्रा उन्हात तापतो, आत बसलेल्या माणसाला झळ लागू नये म्हणून मधे भरलेलं ते भरण. दोन दिवस त्यांनी आणि मदतीच्या दोघांनी ते खरवडून काढलं. डब्यात धुकं पडल्यासारखं झालं होतं. मी दारात उभी राहून मोजत होते. सहा पोती भरली.

मी नोंद केली: "छतातलं भरण, कापसासारखं, सहा पोती, निरुपयोगी."

आमचा एक नियम आहे, तो मीच केलेला. डब्यातून निघालेली कोणतीही वस्तू वर्षभर टाकायची नाही. गंजलेला खिळासुद्धा. तो नियम मी एकदाच मोडला. पोत्यांनी शेडमधली जागा अडवली होती, उंदीर होतील असं वाटलं, आणि भागूबाई समोर उभ्या होत्या.

भागूबाई आमच्याकडे झाडलोट करतात. घरी मेंढरं. नवरा आणि मुलगा आठ महिने मेंढरांमागे रानात, घरात त्या, सून सिंधू आणि चार महिन्यांची नात. पोत्यात हात घालून त्या म्हणाल्या, "ताई, लई मऊ हाय वो. टाकून देताव व्हय?"

"टाकायचंच आहे."

"मग पोरीला गादी करते. थंडीचं भुईला अंथरलं तर गार लागतंय."

मी दोन पोती दिली. एक पोतं रफिकभाई शहरात गुलमंडीमागच्या आपल्या दुकानात घेऊन गेले, तिथले जुने काचेचे दिवे फुटू नयेत म्हणून त्यात बांधायला. तीन शेडमध्ये राहिली. कुणाला किती गेलं ते मी तारखेसह लिहिलं. लिहिताना मला बरं वाटल्याचंही आठवतं. रिकामं पडलेलं सामान कामी लागलं, असं.

अकरा दिवसांनी दुपारच्या चहाला भागूबाई पदराच्या गाठीतून एक पुंजका सोडत आल्या.

"ताई, तुम्हाला एक इपरीत दाखवते."

धनगराच्या घरात लोकर ओळखायची रीत असते. विकणारा लोकर म्हणून काहीही गळ्यात मारतो, म्हणून एक धागा काडीवर धरायचा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. कागदासारखा भडकला तर सूत. वितळून गोळी झाली तर नकली. भागूबाईंच्या सासऱ्यांनी त्यांना हे लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यांनी काडी ओढली आणि पुंजका ज्योतीवर धरला. काडी बोटापर्यंत जळली. त्यांनी दुसरी ओढली. पुंजका तसाच. काळासुद्धा पडला नाही.

"बगा," त्या कौतुकानं म्हणाल्या, "जळतच नाय. लई इमानदार माल हाय रेल्वेचा. गुलमंडीच्या पिंजाऱ्याकडं घेऊन गेलते, तर मेल्यानं घेतलं नाय. म्हणला, ही रुई माझ्या यंत्राची नाय. मग म्याच हातानं पिंजलं, चार दुपारी बसून."

माझ्या हातातला कप खाली ठेवायला मला जागा सापडेना.

कारण मला ते माहीत होतं. चितेगावच्या स्टोअरमध्ये खालच्या रांगेत त्याचा कप्पा होता, दोरी आणि पत्रे अशा दोन नोंदी. बॉयलरच्या दारांना लागायचं. अॅसबेस्टॉस. न जळणारं, दगडाचं सूत. पुढे कारखान्यानं ते वापरणं बंद केलं, तेव्हा उरलेला माल हातमोजे आणि फिल्टरचा मास्क लावून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधला गेला होता. त्या कार्डावर "शिल्लक शून्य" मी माझ्या हातानं लिहिलं होतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून आत जातात आणि बाहेर येत नाहीत, हे आम्हाला तेव्हा शिकवलं होतं. मी त्या वर्गाला हजर होते. हजेरीपटावर माझी सही आहे.

कार्डावर नाव असतं तेव्हा वस्तू मला ओळखू येते. छतातून पडली तेव्हा मी तिला कापूस म्हटलं.

"भागूबाई, गादी कुठंय?"

"घरी. कामून?"

"बाळ कुठंय?"

"गादीवरच की. निजलं असंल."

मी जुन्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना, साळव्यांना, फोन लावला. वस्तूचं वर्णन केलं. त्यांनी ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही? तुमच्या हातून?" आणि लगेच कामाचं सांगायला लागले. झाडायचं नाही. झटकायचं नाही. आधी पाण्यानं भिजवा, मग उचला. दोन पिशव्या, एकात एक. तोंडाला साधं फडकं नाही, फिल्टरचा मास्क. मी येतो.

रफिकभाईंना फोन केला. "भाई, ते पोतं उघडलंत का?"

"हौ बाजी, आधा. दिवे बांधे ना उसमें."

"दुकान बंद करा आणि बाहेर बसा. मी येईपर्यंत आत जाऊ नका."

"क्या हुआ? साप निकला क्या?"

"साप असता तर बरं झालं असतं."

भागूबाईंचं घर संग्रहालयापासून चालत दहा मिनिटांवर. मी रंगकामासाठी ठेवलेला मास्क घातला, फवारणीचा पंप घेतला, पिशव्या घेतल्या आणि भागूबाईंबरोबर निघाले. वाटेत त्यांना काय सांगायचं ते ठरवलं आणि जे ठरवलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, त्या भरणात उंदराचं जालीम औषध आहे.

बाळ गादीवर निजलं होतं. गादीवर एक काळी घोंगडी, तिच्यावर बाळ. सिंधू, बाविशीची मुलगी, चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, बाळाला उचल आणि बाहेर जा. ती काही न विचारता पोर घेऊन अंगणात गेली. मी पंप मारायला लागले. गादी भिजून काळी पडली. दोघींनी मिळून पिशवीत घातली. मग मी घोंगडीला हात लावला.

"ती नाय," भागूबाई म्हणाल्या.

"तीही द्यावी लागेल."

"सासऱ्यानं इणलेली हाय ताई. माझ्या तिन्ही पोरांना हिच्यातच गुंडाळलं. औषधच हाय ना? धुतलं की जातंय. ओढ्यावर नेऊन आपटते चांगली."

"आपटू नका. अजिबात आपटू नका."

"मग उन्हात टाकते."

उंदराचं औषध धुतल्यानं जातं. माझ्याच खोट्यानं माझी वाट अडवली होती. भागूबाईंनी घोंगडी छातीशी धरली होती आणि मी त्यांना ती छातीशी धरू नका असंही म्हणू शकत नव्हते.

दारातून सिंधू माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही तोंडाला बांधलंय."

नकळत मी मास्क आणखी घट्ट दाबला.

"आमच्या तोंडाला काय बांधू?"

तिनं बाळाला शेजारणीच्या हातात दिलं, आत आली, सासूच्या हातून घोंगडी घेतली आणि स्वतः पिशवीत घातली. नंतर महिनाभर भागूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

साळव्यांनी माणसं आणून रफिकभाईंचं दुकान, शेड आणि चार नंबरचा डबा सगळं भिजवून पुसून घेतलं. भागूबाईंच्या घरची भुईही ओल्या फडक्यानं तीनदा पुसली. पिशव्या घातक कचऱ्याच्या परवान्याच्या गाडीत गेल्या. चार पोती, बाकीच्या दोन पोत्यांची झालेली गादी, एक घोंगडी, बाळाची सात कापडं. संध्याकाळी मी यादी जुळवली. एकही वस्तू कमी नव्हती. यादी होती म्हणून सगळं परत आलं, असं साळवे म्हणाले. मी त्यांना म्हटलं नाही की यादीतूनच ते बाहेरही गेलं होतं.

दादा मागच्या खोलीत बसले होते. उद्घाटन पंधरा दिवसांवर होतं.

"आलं ना सगळं परत?"

"वस्तू आल्या. माणसांना सांगायचं राहिलंय."

"काय सांगणार?"

"जे आहे ते. आणि तपासणी करून घ्यायची."

"ताई, बसा. अकरा दिवस. काही होत नसतं अकरा दिवसांत. त्या बाईला जन्मभराचा घोर लावून तुम्हाला काय मिळणार? तुमचं मन हलकं होईल, एवढंच ना?"

त्यांचं बोलणं वाईट हेतूचं नव्हतं, आणि पूर्ण खोटंही नव्हतं. म्हणूनच मी तीन दिवस गप्प राहिले. तीन दिवस भागूबाई माझ्यासमोर झाडत होत्या आणि मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष देत होते. रात्री नाही, दिवसा, कामाच्या वेळी, माझ्या हातून आकडे चुकायला लागले. एका कडीवर मी दोन वेगवेगळ्या खिडक्यांचे नंबर टाकले.

चौथ्या दिवशी शहरात छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले, "एक्स-रे काढा, पण तो आज स्वच्छच येणार."

"मग बरं की."

"बरं नाही, वाईटही नाही. या धुळीचा आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. थोड्या दिवसांत धोका कमी असतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. मोठ्यांनी विडी-सिगारेट सोडावी. बाकी औषध नाही."

"आणि बाळ?"

"बाळाच्या पुढं सगळं आयुष्य आहे. म्हणजे आजार दिसायला वेळही तेवढाच आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिच्या बाबतीत एकच गोष्ट करता येईल. मोठी होऊन कधी खोकला घेऊन डॉक्टरसमोर बसली, तर हे सांगता आलं पाहिजे. सांगितलं नाही तर त्यांना सुचणार नाही. बाईमाणूस, कारखान्यात काम नाही, तर कोण विचार करणार?"

बाहेर येऊन मी बेरीज केली. चाळीस वर्षांनी मी ब्याण्णव. भागूबाई माझ्याहून थोरल्या, त्या तर नसतीलच. मी संग्रहालयात गेले नाही, भागूबाईंच्या घरी गेले.

दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. उंदराचं औषध खोटं होतं हेही. कारखान्यातला कप्पा, माझी सही, सगळं. भागूबाई ऐकत होत्या आणि हाताच्या नखांकडे बघत होत्या. त्या नखांनी त्यांनी ते पिंजलं होतं.

"म्या पोरीला मांडीवर घेऊनच पिंजत होते," त्या म्हणाल्या. एवढंच.

सिंधू म्हणाली, "तुमाला ठाऊक होतं आन तुमी दिलं?"

"देताना ओळखलं नाही. ओळखायला पाहिजे होतं."

"आन इचारल्यावर खोटं बोललाव."

"हो."

ती उठून आत गेली. मला वाटलं आता जा म्हणेल. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण माझ्यापुढं ठेवला नाही, सासूपुढं ठेवला. मग म्हणाली, "आता काय करायचं ते सांगा."

मी पर्समधून कागद काढला. येतानाच झेरॉक्सच्या दुकानात बसून केलेला. त्या भरणाला ज्यांचा ज्यांचा हात लागला त्यांची नावं, किती दिवस, काय काम केलं, डॉक्टरांचा सल्ला. रफिकभाई, त्यांचे दोघे, मी, भागूबाई, सिंधू. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "भागूबाईंची नात, वय चार महिने."

सिंधू सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचत ती खाली आली आणि थांबली.

"हे काय लिवलंय?"

"बाळाचं."

"नाव कुठंय? नात म्हणून चाळीस वर्सांनी कशी घावंल ती? तवा ती कुणाची आई आसंल."

कारखान्यातली अठरा आणि इथली नऊ वर्षं, माझ्या यादीतली चूक कुणी अशी पकडली नव्हती. मी पेन काढलं. "नाव सांग."

"आरती महादू. आडनाव बी लिवा. आन आईचं बी." ती विचार करत होती. "लगीन झालं की नाव बदलंल. मंग?"

मला ते सुचलंच नव्हतं. मी स्वतः लग्नानंतरच्या नावानं नोकरी केलेली बाई. मी ओळीपुढं एक रिकामा रकाना आखला आणि वर लिहिलं, "लग्नानंतरचं नाव." मग तिच्या जन्मदाखल्याचा नंबर लिहून घेतला, कारण तो बदलत नाही. भागूबाईंनी अंगठा लावला, सिंधूनं सही केली, मी सही केली.

पुढं एक्स-रे निघाले, स्वच्छ आले. दादांनी उद्घाटन पुढं ढकललं, आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण तपासणीला नेण्यासाठी गाडी त्यांनीच पाठवली. चार नंबरचं छत आता पत्र्याचं दिसतं, उघडं. त्याखाली पाटी आहे, आणि त्यावर भरणाचं खरं नाव लिहिलं आहे. उन्हाळ्यात त्या डब्यात दहा मिनिटं बसवत नाही. पाहुणे तक्रार करतात. मी पाटीकडे बोट दाखवते.

सह्या झाल्या त्या दिवशी निघताना मी कागद सवयीनं पर्समध्ये परत घालायला लागले होते. मग थांबले. सिंधूला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, त्याची झेरॉक्स काढली. नोकरीत पहिल्यांदाच मी मूळ प्रत समोरच्याला दिली आणि झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. सिंधूनं मूळ प्रत घडी न घालता दोन्ही हातांत धरली आणि विचारलं, "ही शाई चाळीस वर्सं टिकंल का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आपण दर पाच वर्षांनी ती नवी लिहून काढू, आणि मी नसेन तेव्हा तू लिही.